नाणं तेरचं असेल, पण शिसं कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बार्शीकडच्या एका घरात आजोबांच्या लोखंडी पेटीतून कापडाची पुरचुंडी निघाली. आत शिशाची काही जाडसर नाणी, सोंड वर केलेल्या हत्तीची दोन काळपट नाणी, चेहरा असलेली चांदीची दोन लहान नाणी आणि फारसी अक्षरांचा एक रुपया. आजोबांचं तेरला (धाराशिव जिल्ह्यातलं जुनं व्यापारी गाव) येणंजाणं होतं, एवढंच घरच्यांना आठवतं. चेहऱ्याचं एक नाणं सोलापुरात सराफाकडच्या मशीनवर ठेवलं, तर त्यानं ९४ टक्के चांदी दाखवली. आता विचारणं असं की, चांगल्या लॅबमध्ये दिली तर ही नाणी मूळची कुठली ते कळेल का?

धातूबद्दल बरंच कळेल. नाण्याबद्दल लॅबमधून फार कमी कळेल. नाण्याला तीन गावं असतात: धातू निघाला ती खाण, ठसा बसला ती टांकसाळ आणि पुढं ते ज्या मातीतून वर आलं ती जागा. प्रयोगशाळेतली यंत्रं पहिल्या गावाबद्दल बोलतात. दुसरं गाव नाणं वाचून कळतं. तिसरं गाव फक्त ज्याला नाणं सापडलं त्याला माहीत असतं, आणि त्यानं सांगितलं किंवा लिहून ठेवलं नाही तर जगातलं कुठलंच यंत्र ते शोधू शकत नाही. लोक पहिल्या गावाचं उत्तर घेऊन दुसऱ्या-तिसऱ्याला चिकटवतात आणि तिथं घोळ होतो.

आधी आपल्या पायाखालचं बघू. सोलापूर, बार्शी, धाराशिव हा सगळा मुलूख काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टवर बसलाय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर. विहीर खणणाऱ्याला विचारा, खाली काय लागतं ते: मुरूम, मांजऱ्या, मग काळा फत्तर. शिसं किंवा चांदी गाळून काढावी अशी खाण यात नाही. त्यामुळं आपल्याकडं निघणारं प्रत्येक जुनं नाणं धातूच्या हिशेबानं परमुलखातलंच असतं. सोनं म्हटलं तर त्यातल्या त्यात जवळ रायचूर जिल्ह्यातलं हट्टी. तांबं चित्रदुर्गाजवळ इंगळदाळला. शिसं आंध्रात अग्निगुंडाला किंवा मग थेट राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावरला आणि त्याच अरवलीतल्या राजपुरा-दरिबा, आगुचा या पट्ट्यांत. या राजस्थानी खाणी फार जुन्या. सातवाहनांच्याही आधी, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुन्या काळी, तिथं काम चालू होतं.

आणखी एक वाट होती, समुद्राची. पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात तांबं, कथील आणि शिसं तिन्ही आहेत. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, येतं. तेरहून भडोचला गाड्या भरून काय जायचं? कापड, आणि तेही साध्या जाड्याभरड्यापासून मलमलीपर्यंत. (कापडाचा धंदा या भागाला गिरण्यांनी शिकवला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही नोंद.) रोमचा लेखक प्लिनी तर लिहून गेलाय की, भारतात तांबंही नाही आणि शिसंही नाही, रत्नं-मोती देऊन ते लोक ही विकत घेतात. ‘नाही’ हे त्याचं म्हणणं चूक. पण शिशाची आयात होत होती, हे त्यातून दिसतंच.

म्हणजे तुमच्या पुरचुंडीतल्या शिशाच्या नाण्यांबद्दल खरा प्रश्न असा होतो: हे शिसं अरवलीतलं, आंध्रातलं की जहाजातून आलेलं? त्याचं उत्तर काढायची रीत आहे आणि ती सुरेख आहे. पण आधी सराफाच्या मशीनचा निकाल लावू, कारण ९४ टक्क्यांवरून तुम्ही बरंच काही ठरवून बसलेले दिसता.

ते मशीन क्ष-किरण प्रतिदीप्तीचं, एक्सआरएफ. क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकतं. ते मोजून टंच, म्हणजे शुद्धता, काढतात. नाण्याला इजा नाही, मिनिटभरात काम. अडचण खोलीची आहे. चांदीच्या नाण्यात तांब्याकडून येणारा संकेत वरच्या १०-२० मायक्रॉनमधूनच बाहेर पडतो, चांदीचा त्याहून काही पट अधिक खोलीवरून. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे मशीननं जे पाहिलं ती नाण्याची साल आहे.

आणि जुन्या चांदीच्या नाण्यात साल आणि गाभा सारखे नसतात. चांदीत तांब्याचं हीण असेल तर जमिनीतल्या ओलाव्यानं आधी तांबं झिजून जातं, वर चांदी उरते. शिवाय टांकसाळवाले स्वतःही हे घडवून आणत. नाण्याची चकती तापवली की पृष्ठभागावरचं तांबं काळं पडतं. ती आंबट द्रावात बुडवली की ते काळं निघून जातं आणि हीणकस चांदी वरून अस्सल दिसू लागते. मग त्यावर ठसा मारायचा. ही समृद्ध साल शे-दोनशे मायक्रॉन जाड असू शकते. त्यात आपल्याकडं घरोघरी चिंचेनं किंवा आमसुलानं नाणी घासायची सवय! प्रत्येक घासणीला आणखी थोडं तांबं जातं.

हे किरकोळ नाही. रोमच्या चांदीच्या नाण्यांबाबत, म्हणजे दिनारांबाबत, याच कारणानं एका पिढीचे आकडे बदलावे लागले. १९७०च्या दशकात वॉकर या अभ्यासकांनी हजारो रोमन नाण्यांचं पृष्ठभागावरून एक्सआरएफ केलं. सम्राट नीरोनं इ. स. ६४ मध्ये नाण्यातली चांदी कमी केली हे माहीत होतं. त्यांच्या मोजणीत नंतरची नाणीही ९० टक्क्यांहून वरच निघाली. पुढं बुचर आणि पॉंटिंग या संशोधकांनी नाण्याच्या कडेतून बारीक छिद्र पाडून गाभ्यातला कीस घेतला. आकडा निघाला ८० टक्क्यांच्या आसपास. सालीवर विश्वास ठेवल्यामुळं रोमच्या तिजोरीची अवस्था कितीतरी बरी वाटत होती.

तेव्हा ९४ म्हणजे ‘सालीत ९४’. गाभ्यात ९० असेल, ७० असेल. दुसरं असं की, सराफाचं मशीन दागिन्यांच्या मिश्रणांसाठी लावलेलं असतं. ज्या धातूंची त्याला यादी दिलीय त्यांची बेरीज ते १०० करून देतं. आपल्याला हवे असतात ते नेमके यादीबाहेरचे: बिस्मथ, थोडंसं शिसं, सोन्याचा अंश. एक्सआरएफ वाईट नाही, मी स्वतः सुरुवात त्यानंच करतो. शिशाचं की तांब्या-कथलाचं, बनावट की बरं, एवढी चाळणी त्यानं छान लागते. हत्तीच्या नाण्यांना आपण पोटीन म्हणतो. त्यात तांबं, कथील आणि शिसं असतं, आणि तेवढं कळायला एक्सआरएफ पुरतं. पण दशांशापुढचे आकडे बघून कुणी ‘ही अमुक टांकसाळ’ म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

चांदीत सोन्याचा अंश का शोधायचा, ते सांगतो. जुन्या काळी चांदी बहुतेक शिशाच्या खनिजातून काढत. खनिज गाळून शिसं घ्यायचं, मग ते मुशीत हवेच्या झोतात तापवायचं. शिसं जळून राखेत शिरतं, चांदी मागं उरते. या क्रियेत सोनं चांदीबरोबर राहतं, ते जात नाही. बिस्मथही चिवट. म्हणून चांदीतलं सोनं आणि बिस्मथ ही खाणीची खूण धरता येते, निदान ‘या दोन गठ्ठ्यांतली चांदी एक नाही’ एवढं ठामपणे म्हणता येतं. याचा एक जोड-उपयोग असा की, आजची विद्युत-शुद्ध केलेली चांदी या अंशांपासून जवळपास मोकळी असते. क्षत्रपांचं, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांचं, म्हणून विकलेलं नाणं आणि त्यात सोन्याचा मागमूस नाही, तर मी ते संशयित म्हणून बाजूला ठेवतो.

आता तुमचा रुपया. फोटोत खालची ओळ कापली गेलीय, पण ‘ज़र्ब’नंतर (म्हणजे ‘इथं पाडलं’ या शब्दानंतर) जे दिसतं ते शोलापूर असावं. पुढच्या बाजूला ‘बद्र-ए-मुनीर’ स्पष्ट आहे, म्हणजे औरंगजेब. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर ‘बद्र’, पौर्णिमेचा चंद्र, आणि सोन्याच्या नाण्यांवर ‘मेहर’, सूर्य. औरंगजेबाची सोलापूर टांकसाळ नाणेसंग्राहकांना चांगली परिचयाची आहे. ती इथं का, हे आपल्याला बाहेरच्यानं सांगायला नको. मंगळवेढ्याकडं माचणूरजवळ ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ बादशहाची छावणी होती. त्यानं त्या गावाचं इस्लामपुरी केलं होतं. एवढ्या फौजेचा पगार रोकड मागतो. (ही ब्रह्मपुरी आपली, भीमेकाठची. कोल्हापूरची ब्रह्मपुरी टेकडी वेगळी. तिथंही प्राचीन नाणी निघाली आहेत आणि दोन्हींची सतत गल्लत होते.)

म्हणजे टांकसाळ कळायला लॅब लागलीच नाही, नाण्यानं स्वतःच सांगितलं. पण चांदी? मुघल मुलखात परदेशी नाणं चालत नसे. सुरतेला उतरलेले स्पॅनिश रियाल वितळवून त्यांचे रुपये पाडत. आणि त्या रियालांची चांदी होती मेक्सिकोतली आणि आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरातली. फ्रेंच संशोधकांनी न्यूट्रॉन सक्रियणानं (न्यूट्रॉनचा मारा करून उठणारे किरण मोजून) जुनी फ्रेंच नाणी तपासून दाखवलं की, पोतोसीच्या चांदीत इंडियम या मूलद्रव्याचा अंश येतो, आणि त्यावरून ती युरोपातल्या नाण्यांत शोधता येते. तीच पद्धत आपल्या रुपयाला लावता येईल. सोलापुरात पाडलेल्या, ब्रह्मपुरीच्या छावणीत वाटलेल्या रुपयाची चांदी दक्षिण अमेरिकेतली निघणं यात नवल काही नाही. तिथं लॅबचा अहवाल ‘मूळ: पोतोसी’ म्हणाला म्हणून कुणी त्या रुपयाला बोलिव्हियाचा म्हणणार नाही. मग शिशाच्या नाण्यांत अरवलीचं शिसं निघालं की लगेच ‘हे नाणं राजस्थानचं’ असं का म्हणायचं?

शिशाकडं येऊ, कारण या पुरचुंडीत विज्ञानाला सगळ्यात जास्त बोलता येईल ते याच नाण्यांबद्दल.

शिशाचे चार स्थिर समस्थानिक आहेत: २०४, २०६, २०७ आणि २०८. रसायनाच्या दृष्टीनं चौघे एकच, फक्त वजन वेगळं. २०४ पृथ्वी झाली तेव्हा जेवढं होतं तेवढंच आहे. बाकीचे तिघे वाढत आले, कारण युरेनियम-२३८ क्षय पावत पावत २०६ होतं, युरेनियम-२३५ पासून २०७ आणि थोरियमपासून २०८. वेगही वेगळे: युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षं, २३५ चा सुमारे ७० कोटी, थोरियमचा १४०० कोटी. जोपर्यंत शिसं खडकात युरेनियम-थोरियमच्या सोबतीला आहे तोपर्यंत त्याचं गुणोत्तर सरकत राहतं. ज्या दिवशी ते वेगळं होऊन गॅलिनाच्या, म्हणजे शिशाच्या खनिजाच्या, शिरेत बसतं त्या दिवशी ते गोठतं. पुढं खाणकामगारानं काढलं, भट्टीत गाळलं, नाणं पाडलं, दोन हजार वर्षं गाडलं, तरी ते गुणोत्तर हलत नाही. शिसं इतकं जड आहे की, भट्टीत समस्थानिकांची वाटणी बदलत नाही. चांदी-तांब्यातले अंश भट्टीत कमीजास्त होतात. ही खूण मात्र टिकते.

आपल्या दृष्टीनं भाग्याची गोष्ट अशी की, भारतातल्या आणि भूमध्य समुद्राकाठच्या खनिजांच्या वयात प्रचंड अंतर आहे. अरवलीतलं शिसं १.७ ते १.८ अब्ज वर्षांपूर्वी गोठलं. ग्रीसच्या लॉरियनमधलं, ज्यातून अथेन्सची घुबडाची नाणी झाली ते, भूशास्त्राच्या हिशेबानं अगदी कालचं. लॉरियनच्या शिशात २०६ आणि २०४ यांचं गुणोत्तर १८.८ च्या आसपास येतं. अरवलीतलं त्याहून स्पष्ट खाली, कारण २०६ वाढायला त्याला वेळच कमी मिळाला. स्पेन, सार्डिनिया, ग्रीस एका बाजूला आणि आपल्या जुन्या खडकांतलं शिसं दुसऱ्या बाजूला. आलेखावर दोन्हींमध्ये इतकी मोकळी जागा राहते की, नवख्यालाही दिसावी. तुमचं नाणं त्या आलेखावर कुठं पडतं ते बघायचं. अरवली की स्पेन, याचं उत्तर देणं सोपं.

अरवली की अग्निगुंडाला, याचं उत्तर अवघड. दोन्ही खनिजं प्राचीन खडकांतली. एका गुणोत्तरावर निकाल देता येत नाही. तिन्ही गुणोत्तरं एकत्र बघावी लागतात, आणि त्या त्या खाणीतल्या खनिजाचे पुरेसे नमुने आधी मोजलेले असावे लागतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा: समस्थानिकं ‘ही खाण नव्हे’ हे छातीठोकपणे सांगतात; ‘हीच खाण’ म्हणताना नेहमी ‘मोजलेल्या खाणींपैकी’ असं पुढं जोडायचं. ग्रीसबद्दल निकाल पक्के वाटतात याचं कारण तिथं १९८० पर्यंतच गेल, गेंटनर आणि वाग्नर या संशोधकांनी नाणी आणि खाणी दोन्ही मोजून ठेवल्या, आणि लॉरियनबरोबर सिफ्नोस बेटाच्या खाणींचाही माग लागला. खाणीची नोंदवही जेवढी भरलेली, तेवढं नाण्याचं उत्तर चांगलं.

चांदीच्या नाण्यातही जरासं शिसं उरलेलं असतं आणि त्याचंही हे मोजमाप होतं. पण तिथं सावध. चांदी शुद्ध करताना भट्टीत बाहेरचं शिसं घालायची रीत होती. मग मोजलं जातं ते भट्टीवाल्यानं आणलेलं शिसं, चांदीचं जन्मगाव नव्हे. म्हणून अलीकडं चांदीच्याच दोन समस्थानिकांचं, १०७ आणि १०९ चं, गुणोत्तर काढतात. फरक फार सूक्ष्म असतो आणि काम खर्चाचं.

आता मुख्य अडथळा: भेसळ नव्हे, मिसळ. धातू पुन्हा पुन्हा वितळतो. जुनी नाणी, फुटकी भांडी, शत्रूची लूट, सगळं एका मुशीत. दोन खाणींचं शिसं मिसळलं तर आलेखावर ते दोन्हींच्या मध्ये जाऊन बसतं, आणि तिथं योगायोगानं तिसरी खाण असली तर सरळ तिचं नाव लागतं. आजीची गोधडी घ्या. तिच्यातल्या चिंध्या तपासून हा तुकडा सोलापूरच्या जुन्या मिलचा, तो लक्ष्मी-विष्णू मिलचा, असं जाणकार सांगेल. गोधडी कुणी शिवली आणि कोणत्या गावात, हे चिंध्या सांगणार नाहीत. त्यासाठी टाका बघावा लागतो.

याचा सगळ्यात बोलका पुरावा नाशिक जिल्ह्यात आहे. १९०६ साली जोगलटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, १३ हजारांहून जास्त. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारून घेतला होता: एकीकडं चैत्य (कमानींचा डोंगर), दुसरीकडं उज्जैनी चिन्ह (अधिकच्या चिन्हाला चारी टोकांना वर्तुळं), आणि खालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतोय. धातू नहपानाचा, सत्ता गौतमीपुत्राची. यातलं नाणं कुठल्याही यंत्रात घाला, ते नहपानाच्या टांकसाळीतली चांदी दाखवेल. आणि नहपानाची चांदी तरी कुठली? पेरिप्लसच्या यादीत भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणीही येतात, फायद्यात बदलून मिळतात म्हणून. चेहऱ्याची तुमची दोन नाणी क्षत्रपांचीच दिसतात. त्यातलं सोनं-बिस्मथ आणि शिशाचे समस्थानिक काढले तर ती चांदी रोमन दिनार वितळवून आली का, हे तपासता येईल. ही नाणी लॅबमध्ये न्यायची असतील तर अशा नेमक्या प्रश्नासाठी न्या. ‘कुठली आहेत बघा’ म्हणून नको.

टाका बघायचा म्हणजे काय? ठशाची ठेवण, अक्षरांचं वळण, हत्तीचं तोंड कुठल्या बाजूला, मागच्या उज्जैनी चिन्हाची ठेवण, वजन. दोन नाणी एकाच ठशातून निघाली हे भिंगाखाली ओळखता आलं तर ती एका टांकसाळीची. कोल्हापूर भागातल्या धनुष्यबाणाच्या आणि ‘कुर’ नावाच्या राजांच्या शिशाच्या नाण्यांचा तोंडवळाच वेगळा. तेलंगणात कोंडापूरसारख्या ठिकाणी उत्खननात साचेही मिळालेत. धातुशास्त्राची मदत इथंही होते. कडेचा छोटा भाग घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की नाणं साच्यात ओतलं की ठोकून पाडलं ते दिसतं. ओतलेल्यात फांद्या फुटलेले स्फटिक, तापवून ठोकलेल्यात सरळ रेघांचे जुळे स्फटिक. पोटीनमध्ये ही तपासणी मला रासायनिक आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटते.

बनावटगिरीबद्दल थोडक्यात. पितळी नाण्यात जस्त ३० टक्क्यांच्या वर गेलं तर ते प्राचीन असणं कठीण. जुन्या पद्धतीनं तांबं जस्ताच्या खनिजाबरोबर तापवून पितळ करताना जस्त साधारण २८ टक्क्यांपलीकडं मुरत नाही. शिशाला आणखी एक कसोटी आहे. खनिजात युरेनियमचा अंश असल्यामुळं ताज्या गाळलेल्या शिशात किरणोत्सारी शिसं-२१० येतं, त्याचा अर्धायुकाल २२ वर्षं. दीड-दोन शतकांत ते संपतं. जुनं शिसं म्हणून शांत असतं, आणि म्हणूनच इटलीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी ‘क्युओरे’ या प्रयोगाला संरक्षक कवच म्हणून सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं वापरलं. अर्थात जुन्या शिशाच्या तुकड्यावर कुणी आज ठसा मारला तर ही कसोटीही फसते. मंगळवार बाजारात ‘शेतात सापडलंय’ म्हणून जे दिलं जातं त्याला एवढी कसोटीही लागत नाही. कडेची ओतीव रेघ नखाला लागते.

आता तुम्ही घरी काय करायचं. पहिलं, काही धुवायचं नाही, चिंच नाही, टूथपेस्ट नाही. शिशाची नाणी लाकडी कपाटातून, प्लायवूडच्या खणातून आणि पुठ्ठ्याच्या डब्यातून आजच काढा. लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफेनं शिशावर पांढरी भुकटी धरते आणि नाणं आतून पोखरतं. वास येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतही नको. आम्लरहित कागदाची पाकिटं, प्रत्येकात एक नाणं, आणि हात धुवायला विसरू नका, कारण ती भुकटी विषारी असते. ती पुरचुंडीची चिंधी फेकू नका. गाठीत, दुमडीत चिकटलेली मातीसुद्धा तशीच राहू द्या.

दुसरं, वजन. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा पुरे. हवेत एकदा आणि दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून एकदा वजन करा. हवेतल्या वजनाला दोन्हींच्या फरकानं भागलं की घनता. शिसं ११.३, चांदी १०.५, तांबं ८.९६, सोनं १९.३. साल बघण्यापेक्षा हे बरं, कारण अख्खं नाणं मोजलं जातं. पण नाण्याच्या आकाराचं भान हवं. साडेअकरा ग्रॅमच्या रुपयात ०.०१ ची चूक म्हणजे घनतेत टक्काभर, म्हणजे चांदीच्या टंचात पाच-सहा टक्के. तेवढं चालतं. ३.४ ग्रॅमचा सोन्याचा होन मात्र फक्त ०.१८ ग्रॅम पाणी सारतो. तिथं तीच चूक साडेपाच टक्के होते आणि १९.३ चं १८.२ दिसू शकतं. क्षत्रपांचं नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं, त्यामुळं त्यावर हा खेळ करू नका.

तिसरं, आणि याला लॅबपेक्षा जास्त किंमत आहे: आजोबांचं तिसरं गाव शोधा. तेरला ते कुणाकडं जायचे, का जायचे, कुठल्या वर्षांत, बाजारात घेतली की कुणी शेतकऱ्यानं दिली. जुनी पत्रं, वह्या, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला कागद बघा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोला आणि ऐकलेलं तारखेसह लिहून ठेवा. तेरला तेरणेच्या काठावरची पांढरी (जुन्या वस्तीचं टेकाड), तिथला लामतुरे संग्रह, तिथं मिळालेल्या रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला, या सगळ्याशी तुमच्या नाण्यांचा धागा जोडला तर तो अशा एखाद्या ओळीनंच जोडला जाईल. ‘तेरहून आलेली’ आणि ‘तेरच्या मातीतून निघालेली’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ओळख पटवायला नाशिकजवळ अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, सोलापूर विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि व्यास पाठवा. समस्थानिकं मोजणारी यंत्रं अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संस्था अशा ठिकाणी आहेत. ती पैसे भरून नाणं तपासून देणारी दुकानं नव्हेत. विद्यापीठातल्या कुणी संशोधनाचा प्रश्न घेऊन, तुमच्या एकाच नव्हे तर उत्खननातल्या आणि संग्रहालयातल्या नाण्यांसह प्रस्ताव दिला तर वाट उघडते. एकट्या नाण्याचं मोजमाप आलेखावर एक ठिपका. त्याच मुलखातल्या तीस नाण्यांचं मोजमाप झालं की मग दोन खाणींचे गठ्ठे आणि मधली मिसळ दिसायला लागते. शिशासाठी नमुना टाचणीच्या टोकाएवढाही पुरतो. चांदीसाठी कडेतून कीस काढावा लागेल, तेव्हा कुठून आणि किती हे आधी लेखी ठरवा आणि खरवडण्याआधी नाण्याचे सर्व बाजूंनी फोटो घ्या.

कायद्याचं ऐका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ही वारशातली वस्तू आहे, पण शेतात नांगराला आणखी काही लागलं तर तलाठ्या-तहसीलदारांमार्फत कळवा. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांपलीकडची नाणी पुरावस्तू ठरतात, त्यांना देशाबाहेर नेता येत नाही. ‘परदेशी लॅबला पोस्टानं पाठवा, स्वस्तात करून देतात’ असं सांगणारे भेटतील. तसं अजिबात करू नका.

सध्या एवढं करा: रुपयाच्या खालच्या ओळीचा तिरप्या उजेडात एक फोटो, हत्तीच्या दोन्ही नाण्यांच्या मागच्या बाजू, आणि सगळ्यांची वजनं. टांकसाळीचं बरंचसं त्यातूनच सुटेल. शिशाचं मग बघू.